धूर खाल्लेले बियाणे

हिंगणीच्या आमच्या घरात चुलीच्या वर एक आडवा बांबू टांगलेला असे. त्याला मक्याची कणसे आणि कोहळ्याच्या, दोडक्याच्या बियांची गाठोडी लटकत. आजी म्हणे, ‘धूर खाल्लेलं बी दगा देत नाही.’ धुराने कीड लागत नाही, ओल राहत नाही, हे मला पटे. पण उगवणीशी धुराचा काय संबंध?

जवळच बोरचे जंगल. उन्हाळ्यात रात्री टेकड्यांवर आगीची माळ दिसे. मोहफुले वेचायला जमीन साफ हवी, तेंदूला नवी पालवी हवी, म्हणून आग लावली जाई. ‘जाळल्याशिवाय जंगल उगवत नाही,’ असेही ऐकू येई.

हा वाद जुना आहे. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्याच प्रांतात, सातपुड्यातील बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन यांनी १८६०च्या दशकात वणवा रोखण्याचा प्रयोग केला आणि तो धडा वनखात्याने देशभर गिरवला. मात्र १८९६ मध्ये स्लेड या वनाधिकाऱ्याने ‘इंडियन फॉरेस्टर’मध्ये लिहिले, की ब्रह्मदेशात आगीपासून संरक्षणाचा अतिरेक होत असून त्याचा फटका सागाला बसतो आहे.

धुराची बाजू पुढे यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९९० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डी लँग आणि बाउचर यांनी दाखवले, की एका दुर्मीळ झुडपाचे बी नुसत्या धुराने उगवते. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी धुरातले ते द्रव्य वेगळे केले. ते पाण्यात विरघळते, पावसाबरोबर मातीत मुरते आणि अगदी सूक्ष्म प्रमाणातही बी जागे करते. तेथील आदिवासींच्या भाषेतील ‘करिक’, म्हणजे धूर, या शब्दावरून त्याला ‘करिकिन’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतही मका चुलीवर टांगण्याची रीत आहे. अशा मक्याच्या बियाण्यात जोम अधिक असतो, असे २००२ मध्ये तेथील अभ्यासात दिसले.

म्हणून वणव्याला परवाना मिळत नाही. प्रत्येक बी धुराला ओ देत नाही. शिवाय बीला पुरतो तो कणभर धूर. वणवा जमिनीवरचे बी, कोवळी रोपे, घरटी सारेच गिळतो. बोर २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे.

आमच्या घरी आता गॅस आहे. चूल गेल्याचे मला दुःख नाही. तिच्या धुराने आजीला आयुष्यभर खोकला जडला. पण चुलीबरोबर तो बांबूही निघाला आणि घरचे बियाणेही गेले. आता दर मृगाला आम्ही पाकिटे विकत आणतो.