डॅक : वीजपुरवठ्याचा ध्वनीवरील परिणाम

संगणक, मोबाइल किंवा सीडी प्लेअरमधील अंकीय ध्वनिसंकेताचे सलग बदलत्या विद्युत् दाबात रूपांतर करणारे मंडल म्हणजे डॅक. त्याचा प्रदान दाब आलेल्या अंकाबरोबरच वीजपुरवठ्यातून मिळणाऱ्या संदर्भ दाबावरही अवलंबून असल्याने संदर्भ दाबातील चढउतार ध्वनिसंकेतात उतरतात. २ व्होल्ट (आरएमएस) प्रदानाच्या १६ बिट डॅकमध्ये एक पायरी (लगतच्या दोन अंकांच्या दाबांतील फरक) सुमारे ८६ मायक्रोव्होल्टची, तर २४ बिट डॅकमध्ये सुमारे ०.३४ मायक्रोव्होल्टची असते.

दोषांचे प्रकार : भारतातील ५० हर्ट्झच्या विजेचे पूर्णतरंग एकदिशीकरण केल्यावर १०० हर्ट्झची ऊर्मिका (रिपल) उरते; ती नीट गाळली नाही तर गुणगुण ऐकू येते. स्विचिंग पुरवठ्यातील उच्च कंप्रतेचा गोंगाट रोखण्यात साधे दाबनियामक कमी पडतात. पुरवठा अस्थिर असल्यास डॅकच्या घड्याळातही कालविचलन (जिटर) वाढते. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही अर्थिंगला जोडलेले असल्यास भूवलय (ग्राउंड लूप) तयार होऊन गुणगुण येऊ शकते. लॅपटॉपचा चार्जर काढताच गुणगुण थांबली, तर बहुधा हेच कारण असते.

उपाय : कमी गोंगाटाचे दाबनियामक, चिपजवळ संधारित्रे, अंकीय व सदृश भागांना वेगळा पुरवठा, यूएसबी विलगक किंवा ऑप्टिकल केबल.

चांगल्या रचनेचा डॅक बराचसा गोंगाट स्वतःच रोखतो. अशा डॅकला महागडा बाह्य पुरवठा जोडून सहसा ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही.