पुसलेल्या फितीवरील 'अँड्रोमिडा'



इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दफ्तरे कशी गोळा करीत, हे आपण सर्व जाणतोच. दोनशे वर्षांपूर्वीचा कागद वाळवीने खाल्ला तर त्यात नवल नाही. परंतु जी कृती असंख्य लोकांनी आपापल्या घरी बसून पाहिली, जी निर्माण करणाऱ्या संस्थेस पैशाची, माणसांची किंवा कोठारांची वाण नव्हती, आणि जिच्या जन्मास अजून सत्तर वर्षेही झालेली नाहीत, तिचा बहुतेक भाग आज जगात कोठेही नसावा, ही गोष्ट मात्र विचार करावयास लावणारी आहे. अशाच एका कृतीची हकीकत आज सांगावयाची आहे. तिचे नाव 'ए फॉर अँड्रोमिडा'. इंग्लंडातील बी. बी. सी. या संस्थेने ३ ऑक्टोबर १९६१ पासून १४ नोव्हेंबर १९६१ पर्यंत, दर मंगळवारी एक याप्रमाणे, सात भागांत ही विज्ञानकथा दूरचित्रवाणीवर दाखविली. पुढे २००६ साली ती घरी पाहावयाच्या तबकडीवर, म्हणजे ज्यास आपण डीव्हीडी म्हणतो त्या रूपात, विक्रीस आली. तथापि सात भागांपैकी संपूर्ण असा एकच भाग त्या तबकडीवर आहे.

विलायतेतील मालिकेशी सोलापुरास काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या कथेचा जनक जो खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल, त्याच्या हाताखाली त्याच वर्षी केंब्रिज येथे एक मराठी विद्यार्थी संशोधन करीत होता. तो विद्यार्थी म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८ चा. वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. मुलगा १९५७ साली केंब्रिजला गेला, व तेथील गणिताचा अभ्यास संपवून हॉईल यांचा शिष्य झाला. १९६४ साली या गुरुशिष्यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाविषयी एक नवी उपपत्ती मांडली, ती आजही हॉईल-नारळीकर सिद्धांत म्हणूनच ओळखली जाते.

हॉईल हा मोठा विलक्षण पुरुष. यॉर्कशायरमधील साध्या घरात १९१५ साली जन्मलेला, बोलण्यात फटकळ, आणि शास्त्रज्ञाने सामान्य माणसाशी बोलणे हा कमीपणा आहे असे न मानणारा. विश्वाचा आरंभ एका प्रचंड स्फोटाने झाला हे मत त्यास मान्य नव्हते. २८ मार्च १९४९ रोजी बी. बी. सी.च्या रेडिओवर बोलताना त्या मतास त्याने 'बिग बँग' असे नाव दिले. आणि मौज अशी की, विरोधकाने दिलेले तेच नाव शास्त्रात कायमचे रूढ झाले. ते भाषण 'द लिसनर' या रेडिओ-भाषणे छापणाऱ्या साप्ताहिकात लागलीच प्रसिद्ध झाले. म्हणून आज तो शब्द कोणत्या दिवशी, कोणत्या ओघात उच्चारला गेला, हे आपणांस नेमके सांगता येते. रेडिओवरील भाषणे छापून ठेवण्याची आवश्यकता काय, असे म्हणणाऱ्या मित्रांपुढे हे उदाहरण मी नेहमी ठेवीत असतो.

आता मालिकेकडे वळू. १९५९ साली कोकोनी आणि मॉरिसन या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात असे सुचविले होते की, दूरच्या ताऱ्यांभोवती कोणी बुद्धिमान प्राणी असतील तर त्यांचे रेडिओ-संदेश आपणांस ऐकू येणे अशक्य नाही. लगेच पुढच्या वर्षी अमेरिकेत फ्रँक ड्रेक याने दोन ताऱ्यांवर रेडिओ-दुर्बीण रोखून कान देऊनही पाहिला. हाती काही लागले नाही. हॉईल याने या कल्पनेस पुढील वळण दिले. परग्रहावरचे लोक यानात बसून येतील कशाला? इतके अंतर तोडणे जवळजवळ अशक्यच. त्यापेक्षा ते नुसता संदेश पाठवितील, आणि तो संदेश म्हणजे एक यंत्र बांधण्याची कृती असेल! कथेत इंग्लंडातील एका नव्या रेडिओ-दुर्बिणीस अँड्रोमिडा तारकासमूहाच्या, म्हणजे आपल्या देवयानीच्या, दिशेकडून असा संदेश मिळतो. फ्लेमिंग नावाचा तरुण शास्त्रज्ञ तो उलगडतो. सरकार त्याबरहुकूम एक प्रचंड गणकयंत्र उभारते. आणि ते यंत्र माणसांना प्रश्न विचारून विचारून शेवटी प्रयोगशाळेत एक जिवंत स्त्री घडवून घेते. ही यंत्राची दुहिता माणसांच्या हिताची की नाशाची, हा पुढचा पेच. सरकारास त्या यंत्राकडून नवी शस्त्रे हवी, व्यापाऱ्यांस नफा हवा. एकट्या फ्लेमिंगला भीती वाटते. कथेतील लोभी व्यापारी कंपनीचे नाव 'इंटेल' असे आहे. आज ज्या इंटेलचे नाव गणकयंत्रांवर असते ती कंपनी १९६८ साली स्थापन झाली, म्हणजे हा केवळ योगायोग. पण ऐकताना गंमत वाटते खरी.

हॉईलच्या कथेस नाट्यरूप देण्याचे काम जॉन इलियट यांनी केले. कृत्रिम स्त्रीच्या भूमिकेसाठी नाट्यशाळेतून नुकतीच बाहेर पडलेली ज्यूली ख्रिस्ती ही मुलगी निवडण्यात आली. तिचा जन्म आपल्या आसामातला, चबुआ येथील चहाच्या मळ्यातला. पुढे 'डार्लिंग' या १९६५ च्या चित्रपटासाठी तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. सारांश, मालिका काही सामान्य नव्हती, आणि तीत काम करणारी माणसेही सामान्य नव्हती. मग ती नाहीशी कशी झाली?

कोणी जाळली नाही, पुरात वाहून गेली नाही. ती पुसली. त्या काळी कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रित होत. फीत फार महाग. शिवाय तिचा गुण असा की, शाळेतील पाटीप्रमाणे तीवरचे पुसून दुसरे लिहिता येई. जमाखर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्यास हा गुण मोहात पाडणाराच होता. कार्यक्रम पुन्हा दाखवावयाचा तर नटांच्या संघटनेशी ठरलेल्या करारामुळे नवा मोबदला द्यावा लागे. १९६७ साली तेथे रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल मालिकेस गिऱ्हाईक उरले नाही. आणि लोक कधी काळी आपल्या घरच्या कपाटात मालिका विकत घेऊन ठेवतील, हे तर कोणाच्या स्वप्नातही नव्हते. हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे त्या अधिकाऱ्यांस मूर्ख म्हणण्याचे धाडस होत नाही. त्यांचा हिशेब चोख होता. मात्र त्या हिशेबात एक रकमच धरलेली नव्हती. पुसण्याची ही चाल १९७८ च्या सुमारास थांबली.

याच्याही पूर्वीची स्थिती आणखी केविलवाणी होती. १९५३ सालची 'क्वाटरमास एक्स्पेरिमेंट' ही सहा भागांची विज्ञानकथा रंगभूमीवरील नाटकाप्रमाणे थेट सादर होत असे. पहिले दोन भाग पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा ठेवून टिपण्यात आले. दुसऱ्याच्या वेळी पडद्यावर एक किडा येऊन बसला, तो आजही त्या चित्रात दिसतो! हे चित्रण पसंत न पडल्यामुळे पुढील चार भाग टिपलेच नाहीत. ते हवेत गेले ते गेलेच.

'अँड्रोमिडा'चे काही तुटक अंश राहिले होते. पुढे सहावा भाग, 'वाघाचे मुख' अशा अर्थाच्या नावाचा, एका खासगी संग्राहकाकडे सबंध सापडला व २००५ साली संस्थेकडे परत आला. वर्षभरातच तबकडी निघाली. तीवर हा भाग आहे. इतर भागांतील उरलेली दृश्ये आहेत. आणि जेथे काहीच नाही, तेथे त्या काळी पडद्यावरून घेतलेली स्थिर छायाचित्रे ओळीने लावून व खाली मजकूर देऊन कथा जुळविली आहे. खंडित शिलालेखातील गळालेली अक्षरे संशोधक कंसात भरतात, त्यातलाच हा प्रकार. सोबत १९६२ सालचा सहा भागांचा उत्तरार्ध आहे. तीत ज्यूली ख्रिस्ती नाही, सुझन हॅम्पशायर आहे. आणि दैवाचा खेळ असा की, मूळ मालिकेच्या मानाने उणा असलेला हा उत्तरार्ध मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत शाबूत आहे.

माझ्या मते येथे एक भेद नीट पाहिला पाहिजे. हॉईलची कल्पना नष्ट झाली नाही. हॉईल व इलियट यांनी तीच कथा कादंबरी म्हणून १९६२ साली छापली; इटलीत १९७२ साली तीवर निराळी मालिका झाली. आणि ती कल्पना, किंवा तिची सख्खी बहीण म्हणा, मराठीतही आली. नारळीकर १९७२ साली मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली. ज. वि. ना. ही आपली आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ना. वि. ज. केली होती, परीक्षकांनी नावास नव्हे, कथेस गुण द्यावेत एवढाच हेतू. कथेस पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी 'वामन परत न आला' ही कादंबरी लिहिली. तीत भूमीच्या पोटात सापडलेल्या एका पेटीतील ज्ञानाच्या आधारे माणसे एक बुद्धिमान यंत्रमानव घडवितात, आणि बटूने मागितलेल्या तीन पावलांची आठवण व्हावी असा प्रसंग उभा राहतो. संदेश देवयानीकडून यावा की जमिनीखालून, इतकाच फरक; परक्याने दिलेली कृती वाचून माणसाने आपल्या हाताने आपला स्वामी घडवावा, ही भीती दोहोंकडे एकच. शिष्याने गुरूचे अनुकरण केले असे मी म्हणत नाही. वामनावताराची जोड देऊन त्यांनी ती आपल्या मातीतली केली आहे, आणि यंत्राच्या बुद्धीविषयी घरोघर वाद चालू असलेल्या आजच्या दिवसांत दोन्ही कथा पुन्हा वाचण्यासारख्या आहेत.

पण कथा वाचता आली म्हणून मालिका पाहिल्याचे समाधान होत नाही. यंत्रातून जन्मलेल्या स्त्रीने प्रथम डोळे उघडले तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या नटीने काय केले, स्वर कोठे ठेवला, ते कादंबरीत नाही; ते फितीवर होते. आपल्याकडे याचा अनुभव नवा नाही. मूकपटांच्या काळात भारतात सुमारे तेराशे चित्रपट निघाले. त्यांपैकी जेमतेम तीसेक पूर्ण किंवा अर्धवट उरले आहेत. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'देखील सबंध नाही, आणि १९३१ चा पहिला बोलपट 'आलम आरा' मुळीच नाही. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले ते १९६४ साली; तोवर व्हावयाचे ते नुकसान होऊन गेले होते.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत आपण त्या मानाने उशिरा आलो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'स्पेस सिटी सिग्मा' ही विज्ञानकथा-मालिका १९८९ ची, आणि मिलिंद सोमण यांची 'कॅप्टन व्योम' १९९८ ची. त्या वेळेपर्यंत अनेक शहरी घरांत व्हिडिओ कॅसेटचे यंत्र आले होते. लग्नाची चित्रफीत पाहून झाली की, त्याच कॅसेटवर हौशी मंडळी दूरदर्शनचे कार्यक्रम उतरवून घेत. कधी एकावर दुसरा उतरवीत, म्हणजे विलायतेतील अधिकाऱ्यांचेच काम घरबसल्या करीत! अशा कॅसेटी अजून कित्येक माळ्यांवर पडून आहेत. आमच्या सोलापुरास दमट हवेच्या बुरशीचे भय कमी, पण वैशाखातील पत्र्याखालची आच फितीस तितकीच मारक. शिवाय त्या वाजविणारी यंत्रे बनविणारा जपानातील फुनाई हा अखेरचा कारखानदार २०१६ साली ते काम बंद करून बसला. आता जी यंत्रे आहेत ती जुनी, दुरुस्त करून वापरावयाची. त्यांचे सुटे भाग दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहेत.

फ्रेड हॉईल २० ऑगस्ट २००१ रोजी निवर्तले. सहावा भाग सापडण्यास तेव्हा चार वर्षे अवकाश होता.