एंजिन-बदल : डहाणू व तलासरी
वाहनातील किंवा नौकेतील निकामी एंजिन काढून त्या जागी दुसऱ्या वाहनाचे, पुन्हा बांधलेले एंजिन बसविणे यास एंजिन-बदल म्हणतात. पालघर जिल्ह्याच्या उत्तरेकडील डहाणू व तलासरी या तालुक्यांत या कामास दोन बाजूंनी वाव मिळाला : पश्चिमेस डहाणू, चिंचणी, झाई ही मासेमारीची गावे, पूर्वेस चारोटी, तलासरी व आच्छाड यांवरून गुजरातेत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ (पूर्वीचा ८). ट्रकसाठी बनविलेले डीझेल एंजिन नौकेत बसविण्याची रीत तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जुनीच आहे.

यांत्रिक अंतःक्षेपणामुळे हा बदल सुकर झाला. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ मध्ये डीझेल अंतःक्षेपण पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. भारतात १९५१ मध्ये स्थापन झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी (मायको) ते बनवू लागली. हा पंप एंजिनाच्याच दंतचक्रांनी फिरतो. प्रचक्रावरील व पंपावरील खुणा जुळल्या की इंधन फवारण्याची वेळ जुळते. ती फार अगोदर आली तर एंजिन ठोके देते, उशिरा आली तर धूर सोडते. जाणत्या कारागिराला एवढे पुरेसे असे.

भारत टप्पा ४ (१ एप्रिल २०१७) व भारत टप्पा ६ (१ एप्रिल २०२०) ही उत्सर्जन मानके देशभर लागू झाल्यावर वाहनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण सार्वत्रिक झाले. आता वेळ ठरविणारी खूण धातूवर नसून संवेदकाच्या संकेतात असते. भुजादंडाबरोबर फिरणाऱ्या चक्रावर बहुधा ६० दात्यांची विभागणी करून दोन दाते गाळलेले असतात. प्रत्येक दाता ६° दाखवितो आणि गाळलेली जागा प्रारंभबिंदू ठरते. चालू फेरी संपीडनाची की निष्कासाची, हे मात्र सामान्यतः कॅम-दंडाचा संवेदक सांगतो.

पुन्हा बांधलेल्या एंजिनातील दोष नेमके येथे उद्भवतात. दुसऱ्या प्रतिकृतीचे प्रचक्र बसविले, तर दात्यांची संख्या किंवा गाळलेल्या जागेचे स्थान नियंत्रकाच्या अपेक्षेशी जुळत नाही. सर्व भाग निर्दोष असूनही एंजिन सुरू होत नाही. विद्युत्-चुंबकीय संवेदकाच्या दोन तारांची अदलाबदल झाल्यास संकेत उलटा होतो व वेळ काही अंशांनी सरकते. एंजिनाची भूतार जोडावयाची राहिली, तर सर्वच मापने संशयास्पद होतात. याउलट दातेरी पट्टा एका दात्याने चुकला असेल, तर दोष यांत्रिक असूनही नियंत्रक संवेदकाकडे बोट दाखवितो आणि चांगला संवेदक विनाकारण बदलला जातो. म्हणून प्रथम एंजिन हाताने फिरवून खुणा ताडून पाहाव्यात, नंतर दोन्ही संकेत दोलनदर्शकावर एकत्र पाहावेत. 

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. किनाऱ्यावर अडचण निराळी : खाऱ्या, दमट हवेने तारांच्या जोडण्या गंजतात आणि समुद्रात एंजिन बंद पडल्यास संकेत तपासण्याची सोय नसते. तेथे यांत्रिक पंपाचे जुने एंजिनच अधिक भरवशाचे ठरते.