जुना जालना आणि पाण्याचा इतिहास



वर्धापनदिनाला बाहेरगावचे उपासक येतात तेव्हा हमखास विचारतात, "तुमच्या जालन्यात बघण्यासारखं काय हाय?" एमआयडीसीतली आपली पोरं सांगतात, "सळईचे कारखाने अन् बियाणं." खोटं नाही. पण "जालना, सोने का पालना" ही म्हण कारखान्यांच्या फार आधीची आहे. म्हणून हा थोडासा इतिहास.

कुंडलिका नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद म्हणजे नवा जालना. अकबराच्या काळात अबुल फजल काही दिवस इथे राहिला होता. १६७९ साली शिवाजी महाराजांनी जालन्यावर स्वारी केली. स्वारी भरल्या पेठेवरच होते, यावरून इथला व्यापार समजून घ्यावा. १८०३ साली, असईच्या लढाईच्या काही दिवस आधी, इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हनसनने जालन्याचा किल्ला घेतला. पुढे हैदराबादच्या फौजेची छावणी इथे पडली.

आता पाहण्याच्या जागा. जमशेदखानाने बांधलेली काळी मशीद आणि सराई पाहावी. किल्ला निजाम आसफजाहच्या हुकुमाने काबिलखानाने १७२५ साली बांधला. त्यातली गढी म्हणजे मस्तगड. बांधकामाचं साल सांगणारा फारसी शिलालेख आणि आत दालनं असलेली विहीर ही तिथली खास गोष्ट.

पण माझ्या मते सर्वात मोठं काम म्हणजे शहराच्या पश्चिमेचा मोती तलाव. तोही जमशेदखानाचाच. तलावातून जमिनीखालून नळ टाकून गावातल्या हौदांत पाणी आणलं होतं. वीज नाही, पंप नाही, नुसत्या उतारावर पाणी चालायचं. आजच्या इंजिनिअरनेही बघावं असं काम!

इथे एक विचार मनात येतो. जमशेदखानाचं नाव राहिलं, काबिलखानाचं राहिलं. पण तलाव ज्यांनी खोदला, दगड ज्यांनी फोडले, त्यांची नावं कुठंच नाहीत. आणि ज्यांनी घाम गाळला त्यांच्या वाट्याला पाणी किती आलं? निजामाच्या राज्यात गावोगाव आपल्या माणसाला सार्वजनिक पाणवठा बंद होता. मुंबई इलाख्यात १९२३ साली बोले ठरावाने पाणवठे निदान कागदावर तरी खुले झाले. त्या हक्कासाठी बाबासाहेब १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर गेले. आपण मात्र १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तो ठराव आपल्याला लागूच नव्हता. म्हणून ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यातल्या मकरणपूरला बाबासाहेब आले, त्याचं मोल मराठवाड्यातल्या माणसाला जास्त कळतं.

त्याआधीही सुटकेची वाट शोधणारी माणसं होती. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री या ख्रिस्ती धर्मगुरूंनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवलं. तिथे गेलेल्यांत मांग समाजाची माणसं बरीच होती. आपण १९५६ साली बुद्धाचा मार्ग धरला, त्यांनी दुसरा धरला. वाट वेगळी, पण दुःख एकच होतं. हे आपण विसरू नये.

नव्या जालन्याला पाणी पाजणारा घाणेवाडी तलाव विसाव्या शतकातला. तिथूनही पाणी उतारावरच येतं. २०१२-१३ च्या दुष्काळात तो आटला, तेव्हा साऱ्या शहराला पाण्याची किंमत कळली. लोकांनी वर्गणी काढून गाळ उपसला. त्या वेळी कोणी कोणाची जात विचारली नाही. माणूस तहानेला आला की शहाणा होतो. पाऊस पडला की परत विसरतो, एवढंच.

तेव्हा माझी विनंती अशी. एखाद्या रविवारी वंदना झाल्यावर पोरांना घेऊन जुन्या जालन्यात चला. मस्तगड दाखवा, काळी मशीद दाखवा, आणि मोती तलावाच्या पाळीवर बसवून महाडची गोष्ट सांगा. दगडावर ज्यांची नावं नाहीत, त्यांची आपण लेकरं आहोत. त्यांचा इतिहास आपणच सांगायचा आहे, आणि त्यांनी खोदलेला तलाव स्वच्छही आपणच ठेवायचा आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!