एका ओळीचा इतिहास: सॉफ्टवेअर पॅकेजची वर्णनं कोण तपासतं आणि का

मागच्या हंगामात माझ्या एका ओळीने अकोल्याच्या एका ज्युनिअरचा दीड महिना खाल्ला. आधी तो किस्सा सांगते, मग इतिहासाकडे वळते.

मी अमरावतीत पीएचडी करते. विषय कापसावरची गुलाबी बोंडअळी. शेतात फेरोमोन सापळे लावायचे, त्यात अडकलेले नर पतंग मोजायचे आणि प्रमाण धोक्याच्या पातळीवर गेलं का ते बघायचं. ही पातळी आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे: एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग, तेही सलग ३ रात्री. हा हिशेब करायला मी 'आर' भाषेत एक छोटं पॅकेज केलं आणि त्याच्या वर्णनात लिहिलं, "सापळ्यांतील पतंगांचं सरासरी प्रमाण काढतं." दोन-चार जणांना देऊनही टाकलं.

माझ्या कोडमध्ये प्रत्येक नोंद म्हणजे एक रात्र असं गृहीत होतं. अकोल्याचा हा मुलगा सापळे आठवड्यातून एकदा रिकामे करायचा. एका सापळ्यात आठवड्याला २१ पतंग मिळाले की रात्रीला ३ पडतात, म्हणजे काळजीचं कारण नाही. पण पॅकेजने ते एका रात्रीचे २१ धरले. त्याच्या तक्त्यात जवळपास प्रत्येक शेत धोक्याच्या वर गेलं. त्याने त्यावर प्रकरण लिहिलं, आणि ज्यांच्या शेतात सापळे होते त्यातल्या दोघांना "फवारा" असंही सांगून बसला. औषधाचे पैसे त्यांचे गेले. चूक सापडल्यावर मी त्याला म्हटलं, नोंद रोजची हवी एवढं कळायला नको का? तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमच्या त्या ओळीत रात्र कुठी लेहली हाये?"

नव्हतीच लिहिली. तेव्हा मी शोधायला लागले की जगात जिथे हजारो पॅकेजं एकत्र ठेवली जातात, तिथे ही एक ओळ कशी लिहितात, कोण तपासतं. यातून जे वाचलं ते संशोधनाच्या वाटेवर असलेल्या तुम्हा सगळ्यांच्या कामाचं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

४७४ ते ६४,०००

सुरुवात डेबियनपासून करू. १६ ऑगस्ट १९९३ रोजी इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने लिनक्सवर आधारलेली ही मुक्त प्रणाली जाहीर केली. कल्पना अशी की प्रत्येक सॉफ्टवेअरचा एक बांधलेला गठ्ठा, म्हणजे पॅकेज, असेल आणि प्रत्येक पॅकेजची जबाबदारी एका स्वयंसेवकाकडे असेल. पॅकेजसोबत एक माहितीपत्रक जातं. त्यात नाव, आवृत्ती, कोणत्या पॅकेजवर अवलंबून आहे हे असतं आणि शेवटी वर्णन. वर्णनाचे दोन भाग: पहिली एक ओळ सारांशाची, त्याखाली सविस्तर परिच्छेद.

१९९६ मध्ये डेबियनची १.१ ही आवृत्ती आली तेव्हा पॅकेजं होती ४७४. एवढी यादी माणूस एका बैठकीत वाचू शकतो. वर्णन कच्चं असलं तरी नावावरून अंदाज यायचा. २०२३ मध्ये 'बुकवर्म' आवृत्ती आली तेव्हा आकडा ६४,००० च्या वर गेला होता. आता यादी कोणी वाचत नाही. आपण शोध-शब्द टाकतो, समोर पन्नास ओळी येतात, आणि त्या पन्नास ओळींवरून ठरवतो काय बसवायचं. म्हणजे निवड वर्णनावर होते, सॉफ्टवेअर नंतर दिसतं. आपण शोधनिबंधाचं शीर्षक आणि सारांश बघून पीडीएफ उघडायची की नाही ते ठरवतो, अगदी तसंच.

नियम कसे आले

डेबियनच्या धोरण-पुस्तिकेत वर्णनाबद्दल थोडेच नियम आहेत, पण नेमके. सारांशाची ओळ ८० अक्षरांच्या आत. त्यात पॅकेजचं नाव पुन्हा लिहायचं नाही, कारण ते शेजारी छापलेलं असतंच. सारांशाचं वाक्य अर्धवट सोडून खालच्या परिच्छेदात पुढे न्यायचं नाही, कारण अनेक ठिकाणी फक्त ती ओळच दिसते. आणि मूळ प्रोग्रॅमच्या कागदपत्रांतला मजकूर जसाच्या तसा चिकटवायचा नाही.

हा शेवटचा नियम वाचून मला थांबावंसं वाटलं. कागदपत्रं ज्याने प्रोग्रॅम घेतलाय त्याच्यासाठी असतात. वर्णन ज्याने अजून घेतला नाही त्याच्यासाठी असतं. दोन वाचक वेगळे, म्हणून मजकूरही वेगळा.

'डेव्हलपर्स रेफरन्स' या दुसऱ्या पुस्तिकेत एक युक्ती दिली आहे. सारांश हे पूर्ण वाक्य नसावं, नामाचा समूह असावा: मोठ्या लिपीतलं पहिलं अक्षर नको, शेवटी पूर्णविराम नको, सुरुवातीला इंग्रजीतलं उपपद नको. तपासायचं कसं? "हे पॅकेज अमुक पुरवतं" या वाक्यात 'अमुक'च्या जागी आपली ओळ टाकून बघायची. बसली तर ठीक. "सर्वोत्तम, वेगवान आणि वापरायला सोपं" ही ओळ टाकून बघा. काय पुरवतं तेच कळत नाही.

१९९८ पासून 'लिंटियन' नावाचा तपासनीस प्रोग्रॅमही आहे. ओळ लांब झाली, उपपदाने सुरू झाली, सविस्तर भाग रिकामा राहिला की तो इशारा देतो. पण यंत्र रूप तपासतं. अर्थ तपासायला माणूस लागतो.

स्मिथ प्रकल्प

२००७ मध्ये ख्रिश्चन पेरिए यांनी 'स्मिथ रिव्ह्यू' नावाचा प्रकल्प सुरू केला. पेरिए फ्रेंच, आणि डेबियनमधल्या भाषांतराच्या कामाचे जुने संयोजक. अडचण साधी होती. पॅकेज सांभाळणारे स्वयंसेवक जगभरचे, त्यातल्या अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही, आणि इंग्रजी असली तरी प्रत्येकाची लिहिण्याची तऱ्हा वेगळी. सॉफ्टवेअर बसवताना विचारले जाणारे प्रश्न आणि पॅकेजची वर्णनं एका नजरेखालून जावीत, असं ठरलं.

पद्धत टप्प्यांची आहे. आधी कोणीतरी जाहीर करतो की हे पॅकेज मी तपासायला घेतोय. मग तो सुधारित मसुदा मांडतो आणि सोबत प्रत्येक बदलाचं कारण लिहितो. इतर त्यावर बोलतात. मग "शेवटची संधी" म्हणून एक फेरी. त्यानंतर मसुदा पॅकेजच्या जबाबदार स्वयंसेवकाकडे त्रुटी-नोंद म्हणून जातो. घ्यायचा की नाही हे तो ठरवतो.

कारण लिहिण्याची ही सवय आपल्याकडे हवी. गाइड आपल्या प्रकरणावर लाल रेघ मारतात, आपण निमूट बदलतो, आणि पुढच्या प्रकरणात तीच चूक करतो.

सुधारणा कसल्या असतात? प्रश्नात "होय दाबा" असं नको, कारण समोर बटण असेलच असं नाही. प्रथमपुरुष नको, संगणक 'मी' म्हणत नाही. वापरणारा पुरुषच आहे असं गृहीत नको. आणि एकाच कुटुंबातल्या दहा पॅकेजांमध्ये पहिला परिच्छेद सारखा ठेवायचा, फक्त शेवटचा बदलायचा, म्हणजे कोणतं कशासाठी हे चटकन कळतं.

एक स्वल्पविराम आणि सगळी भाषांतरं

सारखेपणाचं महत्त्व मला खरं कळलं ते भाषांतराच्या बाजूने. वर्णनांच्या भाषांतराचा प्रकल्प डेबियनमध्ये २००१ च्या सुमारास मायकेल ब्रामर यांनी सुरू केला. तिथे काम परिच्छेदाच्या हिशेबाने चालतं. तोच परिच्छेद दुसऱ्या पॅकेजात आला तर आधीचं भाषांतर वापरता येतं. दहा पॅकेजांत परिच्छेद हुबेहूब सारखा असेल तर भाषांतरकाराचं काम एकदाच. एकात "प्रोग्रॅम" आणि दुसऱ्यात उगाच "साधन" लिहिलं, की काम दुप्पट.

याची दुसरी बाजूही आहे. भाषांतर कोणत्या इंग्रजी वर्णनाचं, हे त्या मजकुरावरून काढलेल्या एमडी५ या खुणेने ओळखतात. इंग्रजीत एक स्वल्पविराम बदलला तरी खूण बदलते, आणि सगळ्या भाषांमधली जुनी भाषांतरं नव्याने तपासून घेईपर्यंत जुळत नाहीत. म्हणून तपासणी भाषांतराच्या आधी, आणि शक्यतो एकदाच नीट. गंमत म्हणजे आता डेबियनमध्ये सविस्तर इंग्रजी वर्णनसुद्धा 'ट्रान्सलेशन-इएन' नावाच्या फाइलमधून येतं. इंग्रजीही भाषांतरांच्या रांगेतली एक.

आपल्या भाषेची पॅकेजं

डेबियनमध्ये मराठीसाठीही पॅकेजं आहेत: 'टास्क-मराठी', शुद्धलेखन तपासायला 'अ‍ॅस्पेल-एमआर', आणि टंकांमध्ये 'फॉन्ट्स-लोहित-देवा' तसंच 'फॉन्ट्स-लोहित-देवा-मराठी'. आता तुम्ही प्रबंध मराठीत लिहिणार आहात आणि यादीत शेवटची दोन समोर आली. एक देवनागरीसाठी, एक मराठीसाठी. मराठी देवनागरीतच लिहितात, मग फरक काय? नावावरून एवढंच कळतं की एक मराठीसाठी आहे.

फरक 'ल' आणि 'श' यांचा. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श, हिंदीत दंडाचा ल आणि वेगळ्या घडणीचा श. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीची ही वळणं प्रमाण ठरवली. कोणाला हा तपशील बारीक वाटेल, पण मराठी वाचकासाठी निवड त्याच्यावरच होते. "मराठी वळणाचे ल आणि श" हे पाच शब्द वर्णनात घालायला मराठी येणारा माणूस लागतो. इंग्रजी कितीही चांगलं असलेल्या तपासनीसाला ते सुचणार नाही.

इथेच भाषा सुधारण्याची मर्यादा आहे. माझी ओळ स्मिथ पद्धतीने तपासली असती तर "काढतं" गेलं असतं, "सापळ्यांतील पतंगांची सरासरी" असा सुबक नामसमूह झाला असता. रात्र तरीही आली नसती. ती आणायला कोणीतरी विचारायला हवं होतं: सरासरी कशाची, किती वेळाची?

विचारणारा माणूस

विचारून लिहिण्याची मोठी परंपरा आमच्याच जिल्ह्यात आहे. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत म्हाइंभटांनी तिथे लीळाचरित्र लिहिलं. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. पुढे मूळ प्रत धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. साहजिकच आठवणींत फरक पडले. तेव्हा पोथ्यांमध्ये वेगळी आठवण 'वासना' म्हणून, ती कोणाची हे सांगून, नोंदवलेली दिसते. सगळं घासून एकसारखं करायची सोय होती. त्यांनी फरक ठेवला, कारण फरक हीसुद्धा माहिती होती.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी, पोथ्यांची अभ्यासक नाही. पण माझ्या कामासाठी यातून एवढं घेतलं: सारखेपणा मांडणीत आणायचा, वस्तुस्थितीत नाही. रोज मोजलेले पतंग आणि आठवड्याने मोजलेले पतंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकाच गुळगुळीत शब्दाखाली झाकलं की दोन शेतकऱ्यांचे पैसे जातात.

मग मी काय बदललं

'आर'ची पॅकेजं ठेवणाऱ्या 'क्रॅन'चे नियम डेबियनहून वेगळे आहेत. तिथे शीर्षकातल्या महत्त्वाच्या शब्दांची पहिली अक्षरं मोठी हवीत, शेवटी पूर्णविराम नको, आणि ते ६५ अक्षरांत बसलेलं बरं. वर्णन एकाच परिच्छेदात, पूर्ण वाक्यांत, आणि "हे पॅकेज" अशी सुरुवात टाळायची. म्हणजे सगळ्या जगाचा एक नियम नाही. ज्या घरात आपली ओळ राहणार त्या घराची रीत पाळायची.

ओळ नव्याने लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की स्पष्ट लिहिताच येत नाहीये. "दर रात्र" लिहिलं तर आठवड्याची नोंद करणाऱ्यांचं काय? वर्णन अडलं ते कोड अर्धवट होतं म्हणून. शेवटी कोडच बदललं: आता दोन नोंदींमध्ये किती रात्री गेल्या तो रकाना द्यावाच लागतो, नाही दिला तर पॅकेज पुढे जात नाही. मग ओळ सहज आली: "फेरोमोन सापळ्यांतील बोंडअळीच्या पतंगांची सरासरी, दर सापळा दर रात्र."

तुमच्याकडे पॅकेज नसेल, पण एक्सेलची फाइल असेल, संशोधनाचा आराखडा असेल. त्याची एक ओळ लिहा आणि दुसऱ्या विभागातल्या मित्राला द्या. "कशी वाटली?" असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा, यात तू काय टाकशील आणि तुला काय मिळेल असं वाटतं? त्याचं उत्तर चुकलं तर ओळ चुकली.

मी माझी नवी ओळ आधी अकोल्याला पाठवली. त्याचं उत्तर आलं: "ताई, एकाच सापळ्याचं का सगळ्या शेताचं, थेही लेहा न."

तेही लिहिलं.