ओढ्याकाठचा शिंदीखाना

देगलूर तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर, ओढ्याकाठी दगडी भिंतींचं एक आवार आहे. छप्पर कधीच गेलं, दाराची कमान तेवढी उभी आहे. गाव त्याला अजून शिंदीखानाच म्हणतं.

शिंदी म्हणजे दारू नव्हे, असं माझे आजोबा ठामपणे सांगायचे. दारू भट्टीवर गाळतात, शिंदी झाडावरून उतरते. थंडीत शेंड्याखालचा भाग तासायचा, खाली मडकं बांधायचं, पहाटे उतरवायचं. तेव्हा ती गोड नीरा असते. ऊन चढेल तशी आपोआप आंबते, दुपारी फेसाळते आणि दुसऱ्या दिवशी आंबटढाण होते. साठवता येत नाही, लांब नेता येत नाही; म्हणून पिणाराच झाडाजवळ यायचा. इंग्लंडात पिंपातच मुरणारी जुनी बिअर टिकावी म्हणून १९७१ पासून लोकांनी चळवळ चालवली. आमची शिंदीही तशीच जिवंत. तिच्या वाट्याला मात्र कुऱ्हाड आली.

कारण निजामाच्या तिजोरीत आबकारीचा वाटा फार मोठा होता. झाडावर कर, विक्रीचा लिलाव. लिलाव घेणारा तो गुत्तेदार. गुत्ता म्हणजे मक्ता. तोच शब्द पुढे दुकानाला चिकटला. आमच्याकडे रस्ता बांधणाराही आज गुत्तेदारच. १९४७ साली स्टेट काँग्रेसचा लढा पेटला, तेव्हा हे उत्पन्न बुडवायला मराठवाड्यात ठिकठिकाणी शिंदीची बनं तोडली गेली. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे. तेही रात्री कुऱ्हाड घेऊन गेले. ते बरोबरच होतं असं मी मानते, रझाकारांच्या काळात आणखी काय करणार होते?

पण झाडं तासणाऱ्यांकडे जमीन नव्हती. कमरेला दोर बांधून चढण्याची विद्या तेवढी होती. आमच्या गावातली ती घरं पुढे सालगडी झाली. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तिथे तर दारूबंदीच होती. पलीकडे तेलंगणात शिंदीची दुकानं आजही उघडी आहेत.

आजोबा त्या रात्रीबद्दल बोलताना घोषणांचं कधी सांगत नसत. तोडलेल्या बुंध्यांतून गोड रस झिरपत होता आणि आठ दिवस त्यांना मुंग्या लागलेल्या होत्या, एवढंच सांगत.