मूठभर जुनी माती

बहिणाबाई १८८० साली आपल्या असोद्यात जन्मल्या. त्या पाच वर्षांच्या असताना, १८८५ मध्ये, जर्मनीत आल्बर्ट फ्रँक यांनी मुळं आणि बुरशीच्या जोडीला 'मायकोरायझा' नाव दिलं. बुरशी लांबच्या मातीतलं स्फुरद, पाणी झाडाला आणून देते, बदल्यात साखर घेते.

पुढे पोर्तो रिकोत पाइनची रोपं वाढेनात. पाइनच्या रानातली माती आणून घातली, तेव्हा ती वाढली.

२०१९ मध्ये आपल्या राज्यानं ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं. खड्डे मोजले, मातीचं कोणी बोललं नाही.

म्हणून मी म्हणतो, यंदा निंब लावताना गावातल्या जुन्या, निरोगी निंबाखालची मूठभर माती खड्ड्यात टाका. डीएपीचा मारा नको, जास्त स्फुरदानं ही बुरशी वाढत नाही. आणि उन्हाळाभर पाणी घालावंच लागेल, भाऊ!